इंदूरला आपलं कोणीच नाही

"सत्तर पोरांची सहल नेलीय मी, रायगडपर्यंत. एक चप्पल हरवली नाही," वामन म्हणाला. "ही तर घरातली चार माणसं."

"मी हरवले होते," प्रगती म्हणाली.

"तू हरवली नव्हतीस. तू राहिली होतीस."

"वडखळला. वडापावच्या गाडीजवळ. सव्वादोन तास."

वामनने चष्मा पुसला. त्या सहलीचा विषय निघाला की तो चष्मा पुसायचा. त्याच्या मते त्याची चूक नव्हतीच. वडखळला त्याने पोरं तीनदा मोजली, तिन्ही वेळा सत्तर भरली, मग गाडी सोडली. प्रगती तेव्हा दुसऱ्या शाळेत तिसरीला होती, बापाबरोबर हौसेने आलेली. त्याच्या शाळेच्या पटावर तिचं नाव नव्हतं, त्यामुळे तिच्याशिवायही पट पूर्ण होता. हे त्याने घरी आल्यावर बायकोला, वर्षाला, शांतपणे समजावलं होतं. वर्षा त्याच्याशी नऊ दिवस बोलली नव्हती.

"हे इतिवृत्तात लिहू का?" तुषारने विचारलं. प्रगतीचा हा धाकटा भाऊ दहावीत जाणार होता आणि त्याला जबरदस्तीने घरच्या सभेचा सचिव केलं होतं.

"नको. पुढचा विषय. शहर."

शहर ठरवणं हेच अवघड होतं. नाशिकला माघीची नणंद होती. माघी म्हणजे वामनची बहीण, मोखाड्याला दिलेली. ठाण्याला चुलत मामा, पुण्याला वर्षाचा आतेभाऊ, आणि सुरतेला तर वामनचं गाव, अर्धं जामसर, कामाला होतं. ज्या शहरात आपलं माणूस आहे तिथं जाऊन लॉजवर उतरायचं म्हणजे उघड भांडण. माणसाकडेच उतरावं लागतं. आणि माणसाकडे उतरलं की काय होतं ते वर्षाने तीन वर्षांपूर्वी नाशिकला पाहिलं होतं. चौघांनी निघायचं ठरवलं, निघाली अकरा. दोन दिवस तिने नणंदेच्या नणंदेच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्या. नाशिक तिने जीपच्या काचेतून पाहिलं, तेही एका बाजूचं.

"इंदूर," प्रगती म्हणाली. "इंदूरला आपलं कोणीच नाही."

वामनने मनातल्या मनात भावकी तपासली. वर्षाने माहेर तपासलं. खरंच कोणी नव्हतं.

"स्नो पार्क आहे का तिथं?" तुषार.

"घनकचरा प्रकल्प आहे," वामन एकदम खुलला. "देशभरातून लोक बघायला येतात. पहिल्या दिवशी, सकाळी सात ते अकरा."

"पप्पा, सुट्टीत कचरा बघायचा?"

"वर्गीकरण केलेला आहे तो."

तासभर रस्सीखेच चालली. तुषारला बर्फ मिळाला, त्याच्या बदल्यात त्याने कचऱ्याला मत दिलं. प्रगतीला अर्धा दिवस एकटीनं शहरात फिरायचं होतं. लोकेशन चालू ठेवण्याच्या अटीवर तेही मंजूर झालं.

"आणि तुला काय बघायचंय?" वामनने वर्षाला विचारलं.

"मला काही बघायचं नाही. आठ वाजेपर्यंत झोपायचंय. आणि चौघांनी एका टेबलावर बसून जेवायचंय, मधे उठून कोणाला काही वाढायचं नाही." ती प्रगतीकडे न बघता पुढे म्हणाली, "पावसाळ्यात ही होस्टेलवर जाईल. मग ती पाहुणी म्हणून येईल. त्याआधी चार दिवस आपण चौघं. बाकी कोणाला कळायला नको."

"कळणार नाही," वामन म्हणाला. "माझी जबाबदारी."



*

उन्हाळ्याची सुट्टी असली तरी मास्तराने मुख्यालय सोडायचं तर अर्ज द्यावा लागतो. अख्ख्या तालुक्यात हा नियम एकटा वामन पाळायचा. सोमवारी सकाळी त्याने अर्ज लिहिला. 'सहकुटुंब इंदूर येथे विश्रांतीकरिता.' सोबत चार दिवसांचं वेळापत्रक, बसची वेळ, हॉटेलचं नाव. केंद्रप्रमुखांना पाठवायचा म्हणून त्याने तो केंद्राच्या ग्रुपवर टाकला, कारण अर्ज नेहमी तिथंच टाकायचे. ग्रुपवर चोपन्न शिक्षक होते. अर्जाच्या तळाशी त्याने ओळ लिहिली होती: 'सदर बाब गोपनीय ठेवावी ही नम्र विनंती.'

दुपारपर्यंत एकतीस जणांनी 'शुभ प्रवास' लिहिलं. त्यातले एक सुदर्शन मास्तर. त्यांचं घर जामसरला, उमेशच्या घरामागे.

उमेश, वामनचा धाकटा भाऊ, संध्याकाळी मोटरसायकलवर हजर झाला. मागे त्याची बायको जयवंती आणि दोघांच्या मधे गोणी. गोणीत तांदूळ, नागलीचं पीठ, सुकट आणि वीसेक कैऱ्या.

"हे काय, भावजी?" वर्षाने विचारलं. आवाज सरळ ठेवायला तिला बरेच कष्ट पडले.

"वानवळा. इंदूरला रिकाम्या हातानं जाणार का? कोणाकडे उतरताय?"

"कोणाकडे नाही. हॉटेलात," वामन म्हणाला.

उमेश खुर्चीवरून पुढे सरकला. "का? भांडण झालं का त्यांच्याशी?"

"कोणाशी?"

"जे कोणी इंदूरला आहेत त्यांच्याशी."

"तिथं आपलं कोणी नाहीच रे."

उमेशने बायकोकडे पाहिलं. जयवंतीने गोणीकडे पाहिलं.

"मग जाताय कशाला?" उमेशने अगदी मनापासून विचारलं.

याचं उत्तर वर्षाजवळ होतं, पण ते तोंडावर देण्यासारखं नव्हतं. उमेशला भावाची खरीच दया आली. परक्या गावात चार माणसं, कोणी ओळखीचं नाही, वेळप्रसंग आला तर हाक कोणाला मारणार?

"आम्ही येतो," तो म्हणाला. "आईला पण घेतो. एकटे नका जाऊ, दादा. तुषार, काढ रे तीन तिकिटं तुझ्या मोबाईलवर."

वर्षाने तुषारकडे बघून डोळे मोठे केले. तुषारने ते पाहिले. पण काका त्याच वेळी म्हणाला की बर्फात तो सोबत येईल, पाहिजे तेवढा वेळ. पप्पांनी बर्फाला वीस मिनिटं दिली होती. तिकिटं निघाली.

"एकाच बसमध्ये मिळाली," तुषार हळूच म्हणाला. "मागच्या सीटा आहेत."

जयवंती चहाचे कप घेऊन वर्षाच्या मागे स्वयंपाकघरात आली. तिला सगळं दिसत होतं. सुदर्शन मास्तरांकडून कळावं लागलं हे तिच्या मनाला दुपारपासून लागलं होतं, पण ते ती बोलणार नव्हती. त्याऐवजी ती म्हणाली, "ताई, मी गॅसची लहान शेगडी घेते. हॉटेलातलं खाऊन पोटं बिघडतात. आपण दोघी खोलीतच करू भाकऱ्या."

वर्षाने नळ मोठा सोडला आणि धुतलेले कप परत धुतले.

रात्री माघीचा मोखाड्याहून फोन आला. मला का सांगितलं नाही, एवढंच तिने चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं.

*

निघायच्या दोन दिवस आधी प्रगती जामसरला गेली. आजीची औषधं पोचवायची होती, म्हणजे घरी तसं सांगितलं होतं.

हिराबाई अंगणात नागलीचे पापड उलटत होती. जयवंती शेतावर गेली होती.

"आजी, तुला इंदूरला यायचंय का खरंच?"

"मना काय करायचं तिथं? माझे गुडघे मना मोरीपर्यंत नेत नाहीत."

"मग येतेस कशाला?"

"उमेश म्हणला, सगळीच चालली. मी नाय म्हणले तर तो बी नाय म्हणेल. मग जयवंती तोंड पाडेल. तिनं नवी साडी घेतली हाय." हिराबाईने एक पापड उन्हाकडे धरून पाहिला. "आणि उमेश कशाला चाललाय? वामन एकटा पडेल म्हणून."

"पप्पांना एकटंच पडायचंय, आजी. म्हणजे आईला. चौघंच." "मी जाणार ना होस्टेलला. ती रोज माझे कपडे घडी करते आणि परत उलगडते. काही बोलत नाही. मला भीती वाटते ती बसमध्ये शेगडी बघून रडेल."

हिराबाईने हातातला पापड परत उन्हात ठेवला. तिलाही सून होऊन पन्नास वर्षं झाली होती, आणि त्या पन्नास वर्षांत ती फक्त चौघांत बसून जेवल्याचं तिला आठवत नव्हतं.

"जायच्या दिवशी मी पोट धरून पडते," ती म्हणाली. "उमेश न् जयवंती मना टाकून जायची नाहीत. तुम्ही चौघं निघा."

"आजी, खोटं?"

"पोट तर रोजच दुखतं, बाय. त्या दिवशी सांगीन, एवढंच. तू गप ऱ्हा."

प्रगती गप्प राहिली. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. आई विचारायची, बरं नाही का? आणि ती म्हणायची, ऊन लागलं.

*

पुढच्या मंगळवारी, निघायच्या दिवशी, सकाळी साडेसातला हिराबाई पडली. चांगली पडली. गोधडी हनुवटीपर्यंत, डोळे अर्धे मिटलेले, मधेच एक कण्हणं. जयवंती नवी साडी सोडून जुनी नेसली आणि म्हणाली, "आम्ही कशाला जातोय आता. आत्याबाई पहिल्या." उमेशने पिशव्या परत आत ठेवल्या. बेत पुरा झाला.

तो अकरा मिनिटं पुरा होता. मग उमेशने दादाला फोन केला.

हिराबाईने सगळ्याचा विचार केला होता, फक्त वामन तिचाच मुलगा आहे हे ती विसरली होती. नाशिकपर्यंत जायला त्याने जीप सांगितलीच होती. ती जीप, चौघं आणि चौघांच्या बॅगा घेऊन, पाऊण तासात जामसरच्या अंगणात उभी राहिली.

"नाशिकला मोठ्या डॉक्टरकडे," वामन म्हणाला. "बस गेली खड्ड्यात."

वर्षा जीपमधून उतरलीच नाही. आई जगली पाहिजे असं तिला मनापासून वाटत होतं. आणि आजच का, असंही वाटत होतं. या दुसऱ्या वाटण्याची तिला एवढी लाज वाटली की तिने सासूला स्वतःच्या मांडीवर डोकं ठेवून झोपवलं आणि पूर्ण घाटभर पदराने वारा घातला.

हिराबाईला त्या मांडीवरून खरं सांगायचं होतं. पण वामन पुढच्या सीटवरून मागे हात घालून तिचा हात धरून बसला होता, आणि दर वळणाला 'आलंच नाशिक' म्हणत होता. पन्नाशीला आलेला मुलगा आपल्यासाठी एवढा घाबरलाय, त्याला आता कसं सांगायचं की हे नाटक? ती डोळे मिटून पडून राहिली. तिचा चेहरा बघून प्रगतीला वाटलं, आजीला खरंच काहीतरी झालं. तिला रडू फुटलं. ते बघून वामनने ड्रायव्हरला आणखी जोरात घ्यायला सांगितलं.

मोखाड्याला माघी रस्त्यात उभी होती. ती मागे बॅगांवर बसली.

नाशिकच्या हॉस्पिटलात साडेअकराला पोचले. कागद आले. उमेश पेन घ्यायला पुढे झाला तर वामनने त्याला थांबवलं. "मी करतो. मला सवय आहे." त्याने सात ठिकाणी सह्या केल्या. दाखल करणारा, जबाबदार नातेवाईक, रुग्णाला परत ताब्यात घेणारा, सगळीकडे वामन. प्रत्येक सहीखाली तारीख, आणि एका जागी नर्सने राहू दे म्हटलं तरी वेळसुद्धा.

डॉक्टरने पोट दाबलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. "विशेष काही दिसत नाही. गॅस असेल. वय बघता आजचा दिवस ठेवू, संध्याकाळी सोडू."

वामन या शब्दांनी जास्तच घाबरला. काही दिसत नाही म्हणजे आत काहीतरी असणार.

दीड वाजता तो आणि उमेश औषधं आणायला खाली गेले. माघी डबा शोधायला गेली. तुषार बाकावर झोपला. खाटेजवळ वर्षा, जयवंती आणि प्रगती उरल्या. हिराबाई उठून बसली.

"वर्षा, मना काय झालं नाय. तुमची बस कितीला?"

वर्षाला वाटलं, भ्रम झाला. तिने प्रगतीकडे पाहिलं, आणि प्रगतीचा चेहरा बघून तिला सगळं कळलं. तिला राग यायला पाहिजे होता. तो यायच्या वाटेवरच होता.

"तीनला," ती म्हणाली.

"मग जा. आता नाय गेलात तर मी उगाच सुया टोचून घेतल्या."

"अशा कशा जाऊ? लोक काय म्हणतील, सासूला दवाखान्यात टाकून फिरायला गेली."

"लोक म्हणजे मीच ना," जयवंती म्हणाली. ती इतका वेळ खिडकीशी पाठ करून उभी होती. "मी नाही म्हणणार काही. आत्याबाई सकाळी कण्हत होत्या तेव्हाच मी मडकं बघितलं. अर्धी भाकरी आणि सुकट संपलेली होती. आजारी माणूस सुकट खातो का?"

"तुला कळलं होतं?" हिराबाई म्हणाली.

"कळलं होतं. आम्हाला थांबवायलाच पडल्या म्हटल्यावर बोलू काय?" मग ती वर्षाकडे वळली. आवाज कोरडा होता. "ताई, एक सांगते. तुम्ही आधीच म्हणाला असता ना, जयवंती, आम्हाला चौघांनाच जाऊ दे, तर मी यांना घरी बांधून ठेवलं असतं. मास्तरांच्या ग्रुपवरून कळायला नको होतं."

वर्षाने जयवंतीचा हात धरला आणि तो सोडायला विसरली.

"आत्याबाईंना मी सांभाळते," जयवंती म्हणाली. "जा."

वामनला खरं सांगून उपयोग नव्हता. हिराबाईने सांगून पाहिलं. "मी नाटक केलं रे," ती म्हणाली. वामनच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, मला काळजी वाटू नये म्हणून काय काय बोलतेय." शेवटी वर्षाच खोटं बोलली, सगळं आयुष्य कचेरीत खऱ्या नोंदी करत आलेली बाई. डॉक्टर म्हणाले, पेशंटजवळ गर्दी नको, मोठा मुलगा समोर असला की आजींचं बीपी चढतं, असं तिने सांगितलं. वामनला ते पटलं, कारण ते डॉक्टरांनी सांगितलं होतं.

रिक्षा पळवत नेली. बस तीन मिनिटं उशिरा सुटली आणि चौघांना मिळाली.

*

वर्षाला अजून विश्वास बसत नव्हता. ती दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची. मागच्या तीन सीटा रिकाम्या होत्या. तुषार कानात वायरी घालून बसला. प्रगतीने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. लहानपणानंतर असं तिने पहिल्यांदाच केलं होतं. वर्षा हलली नाही. खांद्याला रग लागली तरी हलली नाही.

"उद्या सातला कचरा प्रकल्प जमेल का?" वामनने हळू विचारलं.

"आठला उठू," ती म्हणाली.

"साडेसातला?"

"आठला."

"बरं," वामन म्हणाला. वेळापत्रकात त्याने स्वतःच्या हाताने खाडाखोड केली. हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

चांदवड मागे पडलं तेव्हा उमेशचा फोन आला.

"दादा, आई बरी आहे. सोडतायत."

"मग छान झालं."

"पण तुझ्या ताब्यातच देणार म्हणतात. सही तुझी आहे."

"तू कर ना सही."

"मी म्हटलं. ते म्हणतात, कागदावर तुमचं नाव कुठंच नाही."

"अरे, तू मुलगा आहेस तिचा."

"ते कागदावर नाही, दादा. आणि ही नर्स म्हणते, आज नेलं नाही तर खाटेचं भाडं चालू राहणार. आई खाटेवरून उतरून चपला शोधतेय. तिला दोघांनी धरलंय."

वामनने आधी 'आईला उमेशकडे द्यावं' असं लिहून सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला, मग व्हिडिओ कॉल केला. नर्सने पडद्यावरचा वामन पाहिला आणि म्हणाली, हा माणूस इथं पाहिजे. त्याने फोन ठेवला आणि वेळापत्रक घडी करून खिशात घातलं. वर्षा त्याला जा म्हणाली नाही, आणि थांबही म्हणाली नाही. प्रगतीने खांद्यावरचं डोकं उचललं.

"उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो मी," वामन म्हणाला. "तुम्ही आठला उठा."

मालेगावला बस सात मिनिटं थांबली. वामन सही करायला नाशिकला परत जाण्यासाठी उतरला. सहा वाजायला आले तेव्हा उमेशचा परत फोन आला. ड्युटी बदलली होती, आणि नव्या नर्सने जयवंतीच्या सहीवर आईला सोडलं होतं. वामन तेव्हा मालेगावच्या स्टँडवर उभा होता. इंदूरची बस धुळ्याच्या रस्त्याला लागली होती.